नाताळच्या बाजारात करंज्यांचं धरणं

मिशिगनमधल्या ट्रॉयहून निघालो तेव्हा घड्याळात सकाळ झाली होती, आकाशाला मात्र त्याची खबर नव्हती. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग, त्यावर गाड्यांच्या धुराची काजळी, आणि मधून आमची व्हॅन. माझ्या मांडीवर करंज्यांचा मोठा स्टीलचा डबा होता. विनयनं, माझ्या धाकट्या भावानं, दोनदा सांगून पाहिलं, "ताई, डबा मागे ठेव, तुझे पाय अवघडतील." मी म्हटलं, "तू रस्त्याकडे बघ, माझ्या पायांचं मी बघते."

मी नगरची. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होते. भल्याभल्या डॉक्टरांना वॉर्डाबाहेर चपला काढायला लावल्यात मी, त्यामुळे आवाज जरा चढाच. लग्न केलं नाही, पोरं झाली नाहीत, पण विनयची रूथ आहे. अकरा वर्षांची. तिच्यासाठीच ही अमेरिकेची वारी केली म्हणा ना. आणि दुसरी एक हौस होती, बर्फातला नाताळ बघायची. लहानपणी मिशनच्या मडमा परदेशातून आलेली शुभेच्छापत्रं वाटायच्या, त्यावर बर्फात बुडालेली घरं आणि पिवळ्या खिडक्या असायच्या. नगरच्या डिसेंबरात स्वेटर दुपारी काढून ठेवावा लागतो, तिथे असली घरं कुठून येणार!

आता आम्ही ख्रिस्ती कधीपासून, हे वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तोंडाची वाफ दवडायला नको. माझ्या पणजोबांपासून. बैलगाडीच्या काळापासून. आमच्याकडे नाताळ म्हणजे घरोघर ढोलकी-झांजा घेऊन गाणी म्हणत फिरणं, बांबूच्या काटकीवर चांदणी (ताऱ्याच्या आकाराचा कागदी कंदील) टांगणं, पहाटेची उपासना आणि फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. करंजी नसेल तर आमच्या घरात नाताळ झाला असं कुणी म्हणत नाही.

अमेरिकेत आले त्याच आठवड्यात हे सगळं मी रूथला सांगत होते, मोठ्या कौतुकानं. ती ऐकून घेत होती आणि मग इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "आत्या, आपला असा काही नाताळ नसतो. आपण त्यांचाच करतो."

"कोण म्हणतं?"

मग कळलं. शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना घरचा नाताळ सांगायला उभं केलं. हिची पाळी आली तेव्हा बाई प्रेमानं म्हणाल्या, "रूथ, तू आम्हाला दिवाळीबद्दल सांग." आणि ही गाढव पोरगी मैत्रिणीच्या घरी बघितलेली दिवाळी सांगून आली! लक्ष्मीपूजनासकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

माझ्या काळजात चर्र झालं. रागही आला, पण कुणावर काढणार? पोरीला कुणी काही दाखवलंच नाही, तर ती सांगणार काय?

योगायोग असा की विनयच्या चर्चचा दरवर्षी एका बाजारात स्टॉल असतो. ट्रॉयच्या उत्तरेला दीड-दोन तासांवर जर्मन लोकांनी वसवलेलं एक गाव आहे, तिथे डिसेंबरात युरोपच्या धर्तीवर नाताळचा बाजार भरतो. स्टॉलवर प्रत्येक कुटुंबानं आपल्या घरचा नाताळचा खाऊ न्यायचा आणि समोर एक कार्ड ठेवायचं: खाऊचं नाव, कुणाच्या घरचा, कुठल्या आजीपासून चालत आलेला. ती त्या बाजाराची रीतच आहे. माझी भावजय मंगल दुकानातली बिस्किटं डब्यात भरून न्यायच्या विचारात होती. मी म्हटलं, "खबरदार! करंज्या न्यायच्या."

इथल्या मराठी बायका तळण गॅरेजमध्ये करतात, घरात केलं की छतावरचं धुराचं यंत्र बोंबा मारायला लागतं. मंगलनं आणलेलं खोबरं साखर घातलेलं निघालं. भाजायला घेतलं तर डांबरासारखं कढईला चिकटलं. पुन्हा दुकान. गॅरेजमध्ये अंगावर दोन स्वेटर आणि डोक्यावर विनयची माकडटोपी चढवून मी करंज्या तळल्या. कातण नव्हतं, म्हणून कडा हातानंच मुरडल्या, आमच्या आईसारख्या. रूथ दारातून बघत होती. तिला म्हटलं, मुरड घालून बघ. "नंतर," म्हणाली आणि टीव्हीकडे गेली.

असा तो डबा माझ्या मांडीवर होता.

गाव लांबूनच दिसलं. दिसलं म्हणजे काय, मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. उतरत्या छपरांची घरं, भिंतींवर लाकडी पट्ट्यांची नक्षी, प्रत्येक खिडकीत हिरवी वेल आणि लाल फीत. चौकात माडाएवढं उंच सूचिपर्णी झाड आणि त्याच्याभोवती लाकडी खोपटांच्या रांगा. खरंच त्या शुभेच्छापत्रांतलं गाव. देवा, म्हटलं, डोळ्यांचं पारणं फेडलंस.

आणि व्हॅनमधून उतरले ती थेट घसरले. बर्फावर पाय गेला आणि मी बसकण मारली, साडी-स्वेटरसकट. डबा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. विनय धावत आला, "ताई, लागलं का?" मी म्हटलं, "आधी झाकण बघ." रूथ इतकी हसली, इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

चर्चच्या स्टॉलवर डोरोथी नावाच्या बाई सगळं बघत होत्या. साठीच्या, गुबगुबीत, अंगात हरणांची चित्रं विणलेला लाल स्वेटर. मला बघून त्यांनी दोन्ही हात हातात घेतले. जीव लावावा अशी बाई, मी खोटं कशाला बोलू? करंज्या त्यांनी ताटात मांडल्या, एक तुकडा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "किती सुंदर! तुम्ही बाजार बघून या, कार्डाचं मी बघते." मी मंगलला स्टॉलवर सोडलं आणि रूथचा हात धरून निघाले.

तो बाजार फिरण्यासारखाच होता. कुठे तांब्याच्या कढईत साखरेत बदाम परतत होते, त्याचा वास थेट नाकातून पोटात जायचा. कुठे लोखंडी जाळीवर हातभर लांब सॉसेज. एका खोपटात द्राक्षाचा गरम रस मिळत होता, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. पहिल्या घोटाला मी रूथला म्हटलं, "हा तर आपल्या घरचा काढा!" तिनं नाक मुरडलं, पण स्वतःचा पेला संपवून माझ्यातलाही प्यायली. श्टोलन नावाचा एक पाव होता (सुका मेवा घातलेला आणि पिठीसाखरेत लोळवलेला), तो आम्ही दोघींनी उभ्या उभ्या खाल्ला. माझ्या काळ्या स्वेटरवर सगळी साखर सांडली.

एका म्हाताऱ्या माणसाच्या दुकानात काचेचे गोळे, पक्षी, घंटा टांगल्या होत्या. आणि मध्ये एक हिरवीगार काकडी. काचेची काकडी! अंगावरचे फोड बीड सगळं बरोब्बर.

"ही कशाला?" मी विचारलं.

"झाडात लपवायची. ज्या पोराला आधी सापडेल त्याला जास्तीची भेट," म्हातारबुवा म्हणाले.

"जर्मनीत असं करतात?"

"तिथे कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. मी जाऊन विचारून आलोय. पण आमच्या घरी आजोबांपासून करतात." आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या देशात नाताळ असतो का?"

"असतो की. थंडी कमी, गाणी जास्त," मी म्हटलं. ते मनापासून हसले. रूथनं चटकन माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी धाडसाचं बोलले.

फिरत फिरत परत आलो तर आमच्या स्टॉलपाशी गर्दी. मला वाटलं, वा! पण ताट जागेवर नव्हतं. मधल्या टेबलावर श्टोलन, आल्याची बिस्किटं, कुणाकुणाच्या आज्यांचे केक. करंज्या कडेच्या छोट्या टेबलावर नेऊन ठेवलेल्या, गरम पाण्याच्या किटलीशेजारी, "जगभरचा खाऊ" अशी पाटी असलेल्या जागी. समोर सुबक अक्षरांत कार्ड. रूथनं ते मोठ्यानं वाचलं. दिवाळीची गोड पुरी, हिंदू दीपोत्सव, भारत.

वाचून तिनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "सी, आत्या?"

त्या दोन शब्दांनी माझ्या नाकाला जेवढ्या मिरच्या झोंबल्या, तेवढ्या त्या कार्डानं झोंबल्या नव्हत्या. पोरगी जिंकल्यासारखं नाही बोलली. मला समजावल्यासारखं बोलली, की बघ, मी म्हटलं नव्हतं का, उगीच आशा धरू नकोस.

स्टॉलच्या आत विनय होता, मंगल होती आणि आणखी एक मराठी बाई. अनघा तिचं नाव. पुण्याची, ट्रॉयमध्ये विनयच्या घराजवळ राहते, नवऱ्या-मुलांबरोबर बाजार बघायला आली होती. कार्डाचा उलगडा लगेच झाला. हिनंच ताट बघून "अय्या, करंज्या! दिवाळी होऊन गेली की!" म्हटलं होतं आणि डोरोथीबाईंनी विचारल्यावर दिवाळीची सगळी माहिती पुरवली होती. आपल्या मते मदतच केली बिचारीनं.

मी म्हटलं, "अनघाताई, या दिवाळीच्या नाहीत. नाताळच्या आहेत."

"अहो, पण करंजी दिवाळीचीच असते ना?"

"तुमच्या घरी दिवाळीची, माझ्या घरी नाताळची. नगरला दिवाळीत शेजारच्या घरून आम्हाला ताट यायचं, नाताळात आमच्याकडून त्यांना जायचं. त्यांनी कधी विचारलं नाही, की ही करंजी कुणाची."

ती जराशी गोंधळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोक इथे येऊन कन्व्हर्ट नाही झालात? आम्हाला तसंच वाटायचं. आमचे हे म्हणायचे, विनयनं ग्रीन कार्डासाठी वगैरे..."

मी विनयकडे बघितलं. तो कागदी पेले एकात एक घालत होता. म्हणजे याला ठाऊक होतं, लोक काय बोलतात ते. इतकी वर्षं मूग गिळून बसला होता.

"आमचे पणजोबा झाले," मी म्हटलं. "त्यांना कुणी ग्रीन कार्ड दिलं नव्हतं, उलट गावानं पाणी तोडलं होतं."

"अच्छा. मग मूळचे तुम्ही कोण?"

"मूळचे नगरचे."

"तसं नाही हो, म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही नगरचेच."

अनघा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. वाईट नव्हती ती, पण काही प्रश्न माणसाच्या जिभेवर पिढ्यान्पिढ्या बसलेले असतात, विचारणाऱ्याला कळतही नाही.

मग मी डोरोथीबाईंकडे गेले. माझं इंग्रजी दवाखान्यातलं. नाजूक बोलता येत नाही, पण सूचना चोख देता येतात. म्हटलं, "कार्ड चुकलंय. हा आमच्या घरचा नाताळचा खाऊ आहे. ताट मधल्या टेबलावर हवं."

बाई गडबडल्या. माफी मागितली, पुन्हा हात हातात घेतले. पण म्हणाल्या, "डिअर, त्या बाईंनी तर सांगितलं... आणि लोकांना ते इतकं आवडतंय! मधल्या टेबलाचं म्हणाल तर आमचा नियम आहे, तिथे फक्त जुन्या देशातला पारंपरिक नाताळ. आज असंच राहू दे ना. पुढच्या वर्षी बघू."

"कुठला जुना देश?"

"म्हणजे... युरोप."

"बेथलेहेम युरोपात नाही, बाई. नकाशा काढून बघा. तुमच्यापेक्षा माझ्या घराला जवळ पडतं ते."

मी पुढे म्हटलं, "पलीकडे एक गृहस्थ काचेची काकडी विकतायत. ती कुठल्या पारंपरिक जुन्या देशातली? त्यांच्या आजोबांच्या घरातली आहे, म्हणून चालते. माझी करंजी माझ्या आजीच्या घरातली आहे."

"मला समितीला विचारावं लागेल," त्या म्हणाल्या. दवाखान्यात मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखीन. माणसाला 'नाही' म्हणायचं असतं पण धीर होत नाही, तेव्हा तो समितीला पुढे करतो.

"विचारा," मी म्हटलं. "तोवर विक्री बंद."

आणि ताटातल्या करंज्या डब्यात भरल्या, झाकण लावलं, तिथलीच एक घडीची खुर्ची उघडली, स्टॉलच्या बरोब्बर समोर मांडली आणि डबा मांडीवर घेऊन बसले. धरणं धरलं! एकदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर नर्सेसना घेऊन असंच बसले होते, तेव्हा ऊन होतं. इथे पायात विनयचे लोकरी मोजे, वर साडी, डोक्याला माकडटोपी. येणारे-जाणारे सांताक्लॉजऐवजी माझ्याकडे बघायला लागले.

लोक यायचे, विचारायचे, "त्या अर्धचंद्रासारख्या पुऱ्या कुठे गेल्या?"

मी सांगायचे, "आहेत. नाव चुकलंय. नाव सुधारलं की मिळतील."

"काय नाव आहे?"

"नाताळची करंजी."

काही हसून निघून गेले. काही थांबले. एका बाईनं आपल्या नवऱ्याला जाऊन सगळी कथा सांगितली, त्यात बरीच भर घालून. हळूहळू समोर चांगलं कोंडाळं जमलं. डोरोथीबाई आतबाहेर करत होत्या.

विनय माझ्या खुर्चीशी वाकला. चेहरा पडलेला. "ताई, प्लीज. सीन नको करू यार. तू महिन्याभरात परत जाशील. मला इथे राहायचंय, या लोकांबरोबर."

"म्हणूनच बसलेय. मी गेल्यावर हिला कोण सांगणार? तू?"

रूथ दोन पावलांवर उभी होती, जॅकेटची चेन वरखाली करत. तिला मराठी समजतं, बोलत नाही इतकंच. मला एकदम भीती वाटली. खरंच सांगते, इतका वेळ जोरात होते, पण पोरीचा चेहरा बघितला आणि तो जोर उतरला. मी तिच्यासाठी बसले होते आणि तिला जर माझीच लाज वाटली, तर? मग मी जिंकले काय अन् हरले काय, सारखंच. ती उद्या शाळेत कुणाला सांगणार नाही आणि परवा स्वतःलाही नाही.

पण आता उठणं शक्य नव्हतं. उठले असते तर ते कार्ड तिच्या डोक्यात कायमचं छापलं गेलं असतं.

तेवढ्यात मंगल आतून बाहेर आली. ही माझी भावजय, संगमनेरची, नाकासमोर चालणारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा चढा आवाज मी ऐकलेला नाही. हातात दुसरी घडीची खुर्ची. माझ्या शेजारी मांडली, पदर कोटाच्या आत खोचला आणि बसली.

"मंगल, तू पण?" विनय म्हणाला.

"माझी आई पण करायची करंज्या नाताळला," ती समोर बघत म्हणाली. "मी इथे आल्यापासून केल्या नाहीत. मला कुणी करू नको म्हटलं नव्हतं. मीच भ्यायले." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पुसायचं नाव नाही.

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोन साडीवाल्या बायका, एक रडतेय, एक डबा धरून बसलीय. डोरोथीबाईंना ते बघवेना. त्या आमच्यासमोर येऊन बर्फातच गुडघ्यांवर बसल्या. समितीचा विषय काढलाच नाही. हातात कोरं कार्ड आणि पेन होतं.

"सांगा," त्या म्हणाल्या. "काय लिहू?"

मी तोंड उघडणार, विनयही पुढे झाला. पण मी त्याला हातानं थांबवलं. अवघड होतं, पण थांबवलं. म्हटलं, "रूथला विचारा."

सगळं कोंडाळं रूथकडे वळलं. पोरगी पांढरीफटक. तिनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली नाही, हसले नाही, काही नाही. हे तिचं तिनंच करायला हवं होतं.

"इट्स करंजी," ती म्हणाली. मग घसा खाकरून पुन्हा, मोठ्यानं इंग्रजीत म्हणाली, "ही करंजी आहे. आम्ही नाताळला करतो. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून. ते अहमदनगरचे होते. ते घरोघर गाणी म्हणत जायचे, ड्रम घेऊन." इथे ती अडखळली आणि मला मराठीत विचारलं, "आत्या, ढोलकी ना?"

"ढोलकी," मी म्हटलं.

"ढोलकी घेऊन. आणि कडा हातानं मुरडतात. दिवाळी छान असते, पण ती माझ्या मैत्रिणीची. हा आमचा नाताळ आहे."

डोरोथीबाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. कार्डावर मावेना, मागच्या बाजूला लिहिलं. आणि विनयनं, माझ्या त्या भित्र्या भावानं, रिकामं ताट उचललं, मधल्या टेबलावर श्टोलन आणि आल्याच्या बिस्किटांच्या मध्ये जागा केली आणि ताट तिथे ठेवलं. कुणाची परवानगी मागितली नाही. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाला, "दे डबा."

अनघानं सर्वांत आधी घेतली. खाऊन म्हणाली, "तुमच्यात खसखस जास्त घालतात वाटतं." मी म्हटलं, "आमच्यात हात सढळ असतो." दोघी हसलो. तिची-माझी गट्टी काही जमली नाही, पण जाताना तिनं रूथच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मनापासून फिरवला.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा बाजारात दिवे लागले होते. बर्फावर पिवळा उजेड, कुठेतरी पितळी वाद्यांवर ओळखीची चाल, आम्ही ती मराठी शब्दांत म्हणतो. मंगलनं ते शब्द गुणगुणायला सुरुवात केली, विनय स्टिअरिंगवर ठेका धरून बसला. मी मागे टेकून बसले होते, पडल्याचं दुखणं आता कमरेत उतरलं होतं.

बाजार सुंदर होता, हे मी लिहिलंच पाहिजे. डोरोथीबाई चांगल्या, काकडीवाले चांगले, अनघाही चांगलीच. वाईट कुणीच नव्हतं आणि तरी पोरीचा सण भरबाजारात तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या नावावर चढला असता. चांगल्या माणसांशी भांडणं फार जड जातं. लोक म्हणतात, परक्या मुलुखात गेल्यावर नमतं घ्यावं. घ्यावं की! जेवणात, कपड्यांत, बोलण्यात मी हवं तेवढं घेतलं. पण मी त्या बाजारात पाहुणी नव्हते. सण माझाही होता आणि आपल्याच सणाच्या दारात पायपुसण्यावर उभं राहायला मी तयार नाही. कुणाला हा हट्ट वाटला तर वाटो. पुन्हा गेले तर पुन्हा बसेन.

जानेवारीत मी परत निघाले. विमानतळावर सगळे सोडायला आले होते, रूथची शेजारची मैत्रीण केटीसुद्धा, विमानं बघायची म्हणून. रूथ आजवर मला निघताना "बाय" म्हणायची. मी पिशव्या उचलल्या, दारापाशी वळले, तर ही पोरगी तेवढ्या गर्दीत मला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "सलाम, आत्या!" नगरच्या ख्रिस्ती घरांत भेटताना-निघताना असंच म्हणतात. मी तिला शिकवलं नव्हतं, आईकडून उचललं असणार.

केटीनं तिला विचारलं, म्हणजे काय?

"आम्ही असंच म्हणतो," रूथ म्हणाली आणि समजावत बसली नाही.